नकाशावरचे अंतर, तिकिटावरची वेळ

मुंबई आणि दिल्ली या दोन विमानतळांमधले अंतर सुमारे 1,140 किलोमीटर आहे. तिकिटावर छापलेली प्रवासाची वेळ साधारण सव्वादोन तास. भागाकार केला तर वेग निघतो ताशी पाचशे किलोमीटर. पण वर गेल्यावर विमान ताशी आठशेच्या पुढे जात असते आणि वैमानिकाच्या उद्घोषणेतही तसाच आकडा ऐकू येतो. तिन्ही आकडे खरे आहेत, तरी त्यांचा मेळ बसत नाही. मधला वेळ जातो कुठे, कोणाच्या हिशेबात आणि कोणाच्या सोयीने, याचा माग या संग्रहातले लेख घेतात. लिहिणारे वेगवेगळ्या कामांतले आहेत: वैमानिक, उड्डाणाची आखणी करणारे डिस्पॅचर, हवाई वाहतूक नियंत्रक, हवामानतज्ज्ञ, वेळापत्रक बसवणारे आणि सतत प्रवास करणारे. प्रत्येकाचे उत्तर थोडे निराळे आहे, आणि त्या निराळेपणातच या विषयाची गंमत आहे.

नव्या वाचकाने सुरुवात अंतरापासून करावी, कारण तो या विषयातला त्यातल्या त्यात निर्विवाद भाग. घरातल्या पृथ्वीगोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला की तो ज्या रेषेवर बसतो, ती त्या दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट. भूगोलात तिला बृहद्वृत्त म्हणतात. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच वाट कमानीसारखी वाकडी दिसते. तो दोष वाटेचा नाही, 1569 साली मर्केटरने रूढ केलेल्या नकाशाच्या रचनेचा आहे. त्या नकाशावर होकायंत्राची दिशा सरळ रेषेत उतरते, म्हणून खलाशांना तो सोयीचा होता. जवळची वाट दाखवण्यासाठी तो काढलेलाच नव्हता.

ही वाट मोजण्याचे गणित जहाजांनी घडवले. अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढण्यासाठी आजही शिकवले जाणारे हॅवरसाइन सूत्र 1835 च्या सुमारास जेम्स इनमनच्या नौकानयनाच्या पुस्तकामुळे रुळले. पृथ्वी मात्र पुरता गोल नाही, ध्रुवांकडे ती किंचित चपटी आहे. तो चपटेपणा धरून अचूक अंतर देणारी रीत 1975 साली थॅडियस व्हिन्सेंटी यांनी मांडली. गोल धरून काढलेले मुंबई-दिल्ली अंतर आणि चपटेपणा धरून काढलेले अंतर यांत दोन-चार किलोमीटरचा फरक पडतो. दोन ठिकाणी दोन आकडे दिसले की वाचक गोंधळतात. बहुतेक वेळा त्यामागे एवढेच कारण असते.

या मोजणीच्या इतिहासात भारताचा वाटा मोठा आहे. 1802 साली मद्रासजवळ लॅम्बटनने सुरू केलेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून पृथ्वीच्या आकाराचे जे माप निघाले, ते पुढे हे काम चालवणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाने ओळखले जाते, आणि भारतीय उपखंडाचे नकाशे दीडशेहून अधिक वर्षे त्यावर उभे होते. उपग्रहांच्या काळात सगळ्या जगाला एकच माप हवे झाले. 1998 पासून आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने विमानतळांचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-84 या पद्धतीने देण्याचे ठरवले. धावपट्टी जागची हलली नाही, तिचा पत्ता मात्र बदलला. विमानतळ म्हणजे काही एक बिंदू नव्हे, चांगला काही चौरस किलोमीटरचा पसारा असतो. म्हणून प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो, आणि ‘दोन विमानतळांमधले अंतर’ म्हणजे या दोन ठरवलेल्या बिंदूंमधले अंतर.

भूमापकांचे काम इथे संपते आणि वाऱ्याचे सुरू होते. 1920 च्या दशकात जपानच्या तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी फुगे सोडून वरच्या हवेतले वारे मोजत होते. तिथे त्यांना अतिशय वेगवान पश्चिमी वारे आढळले. आपले निष्कर्ष त्यांनी एस्पेरांतो भाषेत छापले आणि बाहेरच्या जगाने त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर उंचावरून उडणाऱ्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांना तेच वारे प्रत्यक्ष भेटले, तेव्हा त्यांचे महत्त्व कळले. नोव्हेंबर 1952 मध्ये पॅन ॲमच्या विमानाने टोकियो-होनोलुलू प्रवासात मुद्दाम या वाऱ्यांचा आधार घेतला, आणि 18 तासांचा प्रवास साडेअकरा तासांवर आला. अंतर तेवढेच होते. त्याआधी 1931 साली अर्न्स्ट झर्मेलो या गणितज्ञाने वारा वाहत असताना कमीत कमी वेळाची वाट कशी काढावी, हा प्रश्न सोडवून ठेवला होता. आज डिस्पॅचरच्या संगणकावर रोज जे गणित चालते, त्याचे मूळ तिथे आहे.

भारतीय वाऱ्यांची कथा आणखी वेगळी. हिवाळ्यात उत्तर भारतावरून जोरदार पश्चिमी जेट प्रवाह वाहतो, त्यामुळे दिल्लीहून कोलकात्याला जाणे झटपट होते आणि परतीला जास्त वेळ लागतो. पावसाळ्यात दक्षिणेवर खूप उंचीवर वारा उलट, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतो. हा उष्णकटिबंधीय पूर्वी जेट प्रवाह भारतीय हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम यांनी 1958 साली अभ्यासून मांडला. मुंबईकराच्या अंगावर नैर्ऋत्येचा पाऊस कोसळत असतो तेव्हा त्याच्या डोक्यावर चौदा-पंधरा किलोमीटरवर वारा नेमका विरुद्ध दिशेने धावत असतो.

वाऱ्याचा सर्वांत चांगला धडा 2016 सालचा आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान तोवर पश्चिमेकडे, अटलांटिकवरून जात असे. त्या ऑक्टोबरमध्ये ते पूर्वेकडे, प्रशांत महासागरावरून नेण्यात आले. वाट हजाराहून अधिक किलोमीटरने लांबली, पंधरा हजारांच्या पुढे गेली, आणि तरी विमान जवळपास दोन तास आधी पोहोचले, कारण सगळा वेळ वारा पाठीशी होता. दूरच्या वाटेने लवकर पोहोचता येते, हे रस्त्याने जाणाऱ्याला वाहतूक कोंडीत कळते. विमानाच्या बाबतीत ते उन्हाळा-हिवाळ्याप्रमाणे बदलत राहते.

वाऱ्याचा हिशेब जमला तरी वाट मोकळी असेलच असे नाही. 1944 च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरच्या आकाशाचा संपूर्ण ताबा दिला. तेव्हापासून दोन विमानतळांमधल्या वाटेवर परराष्ट्र खात्यांची सही लागते. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बंद होते, म्हणून युरोपातून जपानला जाणारी विमाने अलास्कातल्या अँकरेजला थांबत. स्कँडिनेव्हियन कंपनी एसएएसने 1957 मध्ये हा ध्रुवाकडचा मार्ग सुरू केला. 1983 मध्ये फिनएअरने हेलसिंकीहून टोकियोला न थांबता विमान नेले, तेही सोव्हिएत हद्द टाळून. पुढे सैबेरियाचे आकाश खुले झाले आणि हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, युरोप आणि रशियाने एकमेकांसाठी आकाश बंद केले, आणि त्याच प्रवासाला पुन्हा तेरा तासांच्या घरात वेळ लागू लागला. हेलसिंकी आणि टोकियो जागच्या जागी आहेत. मधल्या चाळीस वर्षांचे राजकारण मात्र या आकड्यांत लिहिलेले आहे.

आपल्याकडे हेच दृश्य जवळून पाहता येते. पृथ्वीगोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणला, तर तो सौराष्ट्र ओलांडून कराचीच्या अगदी जवळून जातो, मग इराण, कॉकेशस, काळा समुद्र आणि युक्रेन. ही वाट सुमारे 7,200 किलोमीटरची. 2022 पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद आहे. 24 एप्रिल 2025 रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांसाठी आपली हद्द बंद केली आणि आठवडाभरात भारतानेही तेच केले. म्हणजे सर्वांत जवळची वाट दोन ठिकाणी तुटली. त्यातल्या त्यात मुंबईला अरबी समुद्र मोकळा आहे. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना आधी दक्षिणेकडे गुजरातपर्यंत उतरून मग वळावे लागते. दिल्ली ते ताश्कंद हे अंतर सुमारे 1,580 किलोमीटर, दिल्ली ते बंगळुरू सुमारे 1,700. ताश्कंद जवळ असूनही एप्रिल 2025 च्या अखेरीस इंडिगोला दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणे थांबवावी लागली, कारण वळसा घालून जाणे तिच्या छोट्या विमानांच्या आवाक्याबाहेर गेले.

आणि हीच कराची भारतीय हवाई वाहतुकीच्या जन्माशी जोडलेले गाव आहे. इम्पिरियल एअरवेजने 1929 साली लंडन-कराची सेवा सुरू केली, तेव्हा सात दिवस लागत, त्यातला काही प्रवास युरोपात रेल्वेने होई. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. 8 जून 1948 च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा करत 10 जूनला लंडनला पोहोचले. 1960 साली एअर इंडियाकडे बोइंग 707 आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. तीस वर्षांत आठवड्याचे काही तास झाले. त्यापुढच्या साठ वर्षांत मात्र वेग जवळजवळ वाढलेला नाही. आजची विमाने ध्वनीच्या वेगाच्या 78 ते 85 टक्के वेगाने उडतात, 707 ही साधारण तशीच उडत असत. कॉन्कर्डने 1996 मध्ये न्यूयॉर्क-लंडन अंतर 2 तास 53 मिनिटांत कापले, पण 2003 मध्ये ते निवृत्त झाले आणि त्याची जागा कोणी घेतली नाही. इंधन महागल्यावर वेगापेक्षा काटकसर महत्त्वाची ठरली. कॉन्कर्डनंतर याच मार्गावर गाजलेला विक्रम फेब्रुवारी 2020 मधला, 4 तास 56 मिनिटांचा. त्याचे श्रेय विमानापेक्षा पाठीमागून ढकलणाऱ्या वादळी वाऱ्याला अधिक जाते.

इंजिनांवरचा भरवसा वाढल्यानेही वाटा सरळ झाल्या. पूर्वी दोन इंजिनांच्या विमानाला जवळच्या विमानतळापासून एका तासापेक्षा दूर जायची मुभा नव्हती, म्हणून महासागर ओलांडताना किनाऱ्याकडे झुकत जावे लागे. 1985 मध्ये टीडब्ल्यूएच्या बोइंग 767 ला दोन इंजिनांवर अटलांटिक ओलांडण्याची परवानगी मिळाली. पुढे ही मर्यादा दोन तास, तीन तास आणि काही विमानांसाठी त्याहून पुढे गेली. आज सिंगापूरहून न्यूयॉर्कला 15,300 किलोमीटरहून लांबचा, जवळपास 19 तासांचा प्रवास दोन इंजिनांवरच होतो. दुसऱ्या टोकाला स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतला वेस्ट्रे-पापा वेस्ट्रे प्रवास आहे: पावणेतीन किलोमीटर, वेळापत्रकात दोन मिनिटे.

आता पहिल्या पानावरचा मुंबई-दिल्लीचा हिशेब. तिकिटावरची वेळ ही हवेतली वेळ नसते. विमानाच्या चाकांखालचे चॉक काढले, ट्रॅक्टरने विमान मागे ढकलले की घड्याळ सुरू होते. दिल्लीत विमान आपल्या जागी उभे राहून पुन्हा चॉक लागले की ते थांबते. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. म्हणून पुशबॅक झाल्यावर टॅक्सीवेवर रांग. उड्डाण बहुधा पश्चिमेला, समुद्राकडे, आणि दिल्ली तर ईशान्येला. म्हणजे आधी उलटे जाऊन मग वळायचे. चढायला वीस-पंचवीस मिनिटे, सरळ उडायला जेमतेम तासभर, उतरायला पुन्हा अर्धा तास. दिल्लीत गर्दी असेल तर नियंत्रक आकाशातच घिरट्या घालायला लावतो, आणि उतरल्यावर टर्मिनलपर्यंतची टॅक्सी काही छोटी नसते. ताशी आठशेचा वेग या सगळ्यातल्या मधल्या तासापुरता खरा आहे.

वेळापत्रक बसवणारा या सगळ्याची सरासरी काढतो आणि वर थोडी पदरची मिनिटे घालतो. त्यामुळे उशिरा सुटलेले विमानही वेळेवर पोहोचते, आणि वक्तशीरपणाच्या आकडेवारीत, जिथे पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर मोजला जात नाही, कंपनीचे नाव वर राहते. या सवयीवर संग्रहात दोन बाजूंनी लिहिले गेले आहे. एका लेखकाच्या मते ही प्रवाशाची फसवणूक आहे. दुसऱ्याच्या मते पुढचे जोडविमान चुकू नये म्हणून घेतलेली ती खबरदारी आहे. मला दोघांचेही पटते, पण एका अटीवर: पदरची मिनिटे किती, हे प्रवाशाला कळायला हवे.

अंतर आणि वेळेच्या आकड्यांना एवढे महत्त्व का, याचे उत्तर नियमांत सापडते. युरोपात विमान रद्द झाले किंवा फार उशिरा पोहोचले की भरपाई अंतरावरून ठरते: 1,500 किलोमीटरपर्यंत 250 युरो, पुढे 400, मग 600. रोमहून ब्रसेल्समार्गे हॅम्बर्गला उशिरा पोहोचलेल्या प्रवाशांनी आपला प्रवास 1,656 किलोमीटरचा झाला असे सांगून 400 युरो मागितले. 2017 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले की रोम-हॅम्बर्ग बृहद्वृत्ताचे 1,326 किलोमीटर तेवढे धरायचे. भारतात हीच भरपाई वेळेवरून ठरते: ब्लॉक टाइम एका तासापर्यंत असेल तर 5,000 रुपयांपर्यंत, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000. मे 2020 मध्ये टाळेबंदीनंतर विमानसेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा सरकारने भाड्याच्या मर्यादा उड्डाणाच्या वेळेवर बांधल्या, आणि दिल्ली-मुंबई 90 ते 120 मिनिटांच्या गटात टाकले, तिकीट मात्र दोन तासांच्या वरची वेळ सांगत होते. डिसेंबर 2025 मध्ये विमानसेवा विस्कळीत होऊन भाडी भडकली, तेव्हा सरकारने पुन्हा मर्यादा घातल्या. या वेळी अंतरावर: 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये, 1,000 पर्यंत 12,000, 1,500 पर्यंत 15,000, त्यापुढे 18,000. त्याच मार्गाला एकदा घड्याळ लावले, एकदा फूटपट्टी. उडान योजनेत तर दोन्ही एकत्र आले: साधारण 500 किलोमीटर किंवा एका तासाचा प्रवास, ठरावीक आसनांसाठी 2,500 रुपये. एप्रिल 2017 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या काही मार्गांत नांदेड-हैदराबाद होता, तो याच मोजपट्टीने.

हवामानबदलाच्या चर्चेत अंतराचा आकडा आणखी एका दाराने येतो. प्रवाशामागे किती कार्बन, हे काढताना आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची पद्धत बृहद्वृत्ताच्या अंतरात वळशांसाठी भर घालते: 550 किलोमीटरपर्यंत 50, 5,500 पर्यंत 100 आणि त्यापुढे 125 किलोमीटर. शांततेच्या काळात हा अंदाज चालून जातो. आकाश बंद असताना तो कमी पडतो. देशातही वाट सरळ करायला वाव आहे: भारतीय आकाशाचा साठ टक्केच भाग नागरी विमानांना मोकळेपणाने मिळतो, असे मे 2020 मध्ये केंद्र सरकारनेच सांगितले आणि हवाई दलाच्या राखीव क्षेत्रांतून वाट देण्याचे धोरण पुढे नेले.

या विषयाचे अभ्यासक साधारण चार तऱ्हांचे आहेत. भूमापकाला रेषा दिसते, हवामानतज्ज्ञाला प्रवाह, वेळापत्रकवाल्याला मिनिटांचा खर्च आणि राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला सरहद्दी. पाचवी तऱ्हा भूगोलातल्या काळाच्या अभ्यासाची. फ्रान्सिस गाल्टनने 1881 मध्ये लंडनहून कुठे किती दिवसांत पोहोचता येते, याचा रंगीत नकाशा काढला. 1960 च्या दशकाच्या अखेरीस डोनाल्ड जॅनेल यांनी वाहतूक वेगवान होते तशी गावे एकमेकांजवळ सरकतात, ही कल्पना मांडली. आपल्यासाठी तिचा उलटा अर्थही तितकाच कामाचा आहे: गावे लांबही सरकतात. या संग्रहाने प्रवाशाला या पाचव्या घराण्यात बसवले आहे, आणि ते योग्यच झाले. प्रवासी विमानतळापासून विमानतळापर्यंत जातच नाही. तो घरापासून घरापर्यंत जातो. मुंबईहून गोव्याच्या दाबोळी विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे 425 किलोमीटर, तिथल्याच मोपा विमानतळापर्यंत त्याहून तीस-पस्तीस किलोमीटर कमी. तिकिटावरच्या वेळेत हा फरक जाणवत नाही. पण पेडण्याला किंवा सावंतवाडीला जाणाऱ्याचा आणि मडगावला जाणाऱ्याचा दिवस यात पार बदलतो. डिसेंबर 2025 मध्ये नवी मुंबईहून प्रवासी विमाने सुटू लागली. दिल्ली तिथूनही तेवढीच दूर आहे, पनवेलकराला मात्र ती जवळ आली आणि विरारकराला नाही.

संग्रहाने काही गोष्टी मुद्दाम टाळल्या आहेत. इथे स्वस्त तिकिटांच्या युक्त्या नाहीत, अपघातांच्या कहाण्या नाहीत. गणित आहे, पण शाळेतल्या त्रिकोणमितीपलीकडचे नाही. लेख कोणत्याही क्रमाने वाचता येतात. ज्यांना आकड्यांचे भय वाटते त्यांनी नियंत्रकांच्या लेखांपासून सुरुवात करावी, तिथे आकडे माणसांच्या तोंडून येतात. मराठीत विमानांवर लिहिले गेले आहे ते बहुतेक प्रवासवर्णनांत किंवा वैमानिकांच्या आठवणींत. विमान हे रोजचे वाहन झाल्यावर त्याच्या वेळापत्रकाकडे एसटीच्या वेळापत्रकाइतक्याच हक्काने पाहणारे लेखन हवे होते, आणि ते इथे आहे.

सगळे लेख वाचून हाती लागते ते एवढेच: अंतर मोजता येते, वेळ ठरवावी लागते. ती ठरवताना वारा आणि इंधनाचा भाव विचारात येतो, शेजारी देशाचा रागलोभ येतो, धावपट्टीवरची रांग येते आणि कंपनीची प्रतिष्ठाही. प्रवाशाचे मत तेवढे कोणी विचारत नाही. भाडे, भरपाई आणि प्रदूषणाचा हिशेब ज्या आकड्यांवर चालतो, ते आकडे कसे बनतात हे प्रवाशाला कळले, तर विचारणा करता येईल. निदान तिकिटावर ब्लॉक टाइमच्या शेजारी हवेतली वेळ छापा, एवढी मागणी तरी करता येईल. ती करायला लागणारी सगळी सामग्री पुढच्या पानांत आहे.